गुरुजींचा चिन्मय वाचत नाही

आमच्या घरात रद्दीपेक्षा किस्से लवकर साठतात. रद्दी निदान महिन्याला कबाडीवाला घेऊन जातो, किस्से मात्र कोणी नेत नाही. ते सांगूनच कमी करावे लागतात! गंगेकाठच्या मुन्शी घाटामागच्या गल्लीत आमचं घर. हे रेल्वेत, आणि मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी इथल्या मराठी घरांतल्या मुलांचा वाचनवर्ग घेते. सहा मुलगे, सहावी ते आठवीचे, सगळे मोबाइलवर गेम खेळणारे.

यातले सगळ्यात जास्त किस्से चिन्मयचे. गेल्या वर्षी ते सांगताना मला हसू येत नव्हतं. आता येतं, म्हणून सांगते.

*

चिन्मय सातवीतला. त्याचे वडील दशाश्वमेध घाटावरचे तीर्थपुरोहित. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करतात. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो.

पहिल्या रविवारी मी चिन्मयच्या हातात एक गोष्टीचं पुस्तक दिलं. त्याने एक पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि भिंतीला टेकून बसला.

"काय झालं रे?"

"एनर्जी खतम झाली, काकू. अर्धा तास थांबलं की आपोआप भरते."

शेजारचा पार्थ मला समजावायला लागला, "गेममध्ये घाई असेल तर जाहिरात बघायची, काकू. मग लगेच भरते."

म्हटलं, ठीक आहे. उभी राहिले आणि मी केलेल्या लसणाच्या चटणीची मिनिटभर जाहिरात केली. तिखट किती, टिकते किती, सगळं सांगितलं. चिन्मयने शांतपणे ऐकून घेतलं, पुस्तक उघडलं आणि दुसरं पान वाचलं. त्या दिवशी त्याची चार पानं झाली आणि माझा घसा बसला.

*

सहामाहीत चिन्मय तीन विषयांत नापास झाला. शाळेने गुरुजींना बोलावून घेतलं. विज्ञानाच्या पेपरात त्याने पहिली दोन पानं कोरी ठेवली होती आणि थेट शेवटचा, सगळ्यात मोठा प्रश्न सोडवला होता. तोही अर्धाच.

"सोपे प्रश्न का सोडलेस?" बाईंनी विचारलं.

"ते छोटे होते. मी आधी बॉसला मारायला गेलो."

बॉस म्हणजे गेममधला सगळ्यात मोठा शत्रू, हे बाईंना माहीत नव्हतं. गुरुजींना तर त्याहून नाही. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "हा वाचत नाही. पोथीवर चालणाऱ्या घरात न वाचणारा मुलगा मी ठेवणार नाही. चैत्रात नाशिकला माझ्या दादाकडे जाईल, तिथल्या पाठशाळेत राहील."

चिन्मयची आई वर्षा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली. एकुलता एक मुलगा, जेमतेम बारा वर्षांचा. "ताई, ह्याला वाचता करा. ह्यांनी ठरवलं की ठरवलं." मी हो म्हटलं खरं, पण चटणीच्या जाहिरातींवर किती दिवस निभणार?

*

गुरुजींनी मग फोनचा बंदोबस्त केला. लाकडी पेटीत घालून तो देवघरात, मूर्तींच्या मागे ठेवला. त्यांच्याकडे आंघोळ करून सोवळं नेसल्याशिवाय देवघराला हात लावायचा नाही, आणि चिन्मयचा आंघोळीचा आळस सगळ्या गल्लीला माहीत! कुलूपसुद्धा लागणार नाही, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवसापासून चिन्मय पहाटे साडेपाचला आंघोळ करायला लागला. सोवळ्याचा मुकटा नेसून तासभर देवघरात बसायचा, दार लोटून. गुरुजी तोवर घाटावर गेलेले असत. मुलगा पूजेला बसतो म्हणून वर्षाने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. गुरुजींनी घाटावर दोन-चार जणांना कौतुकाने सांगितलंसुद्धा.

आठव्या दिवशी वर्षाला समईच्या शेजारून चार्जरची वायर जाताना दिसली.

"देवघरात बसून खेळत होतास?" गुरुजी गरजले.

"हो. पण सोवळ्यातच खेळलो, बाबा."

गुरुजींनी बराच वेळ विचार केला म्हणे. पण या उत्तरात दोष काढायला त्यांना जागा सापडली नाही. फोन मात्र शेजाऱ्यांच्या कपाटात गेला. रविवारी वर्गानंतर माझ्यादेखत तासभर, एवढीच सूट मिळाली.

*

त्या तासात चिन्मयला ऑनलाइन एक कोल्हापूरचा मुलगा भेटला. इथली मुलं घराबाहेर पडली की हिंदीतच बोलतात, आणि घरातल्या मराठीतही निम्मी हिंदी. चिन्मय महिन्याभरात खणखणीत मराठी बोलायला लागला, फक्त ते कोल्हापूरचं होतं. वर्षाला त्याचाही आनंद झाला. बारा वर्षं आटापिटा करून तिला जे जमलं नव्हतं, ते हेडफोनने करून दाखवलं होतं.

एकदा इचलकरंजीकडचे एक आजोबा घाटावर आले. चिन्मय वडिलांबरोबर होता. पायऱ्या निसरड्या, आजोबांचा पाय थरथरत होता. गेममध्ये साथीदाराची पाठ राखतात तसा हा त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. "दमानं उतरा, आजोबा. मी कव्हर देतो मागनं."

आजोबा खूश झाले. विधी आटोपल्यावर गुरुजींना म्हणाले, "सगळं यथासांग झालं बघा. पण ते कव्हर द्यायचं आमच्या गावच्या भटजींनी सांगितलं नव्हतं. त्याची दक्षिणा वेगळी असते का?"

*

आता माझी फजिती सांगते, नाहीतर मुलं म्हणतील काकूंनी स्वतःचं लपवलं.

मुलांना त्या गेममध्ये एवढं काय सापडतं, ते बघायला मी तो माझ्या फोनवर घेतला. सुरू केला की मी मेलेच. परत सुरू केला, परत मेले. सात वेळा झाल्यावर चिन्मयने फोन माझ्या हातातून घेतला. गेली पंचवीस वर्षं मी मुलांकडे ज्या नजरेने बघत आले, तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, वर लिहिलेलं असतं ना सगळं. तुम्ही वाचतच नाही. न वाचता नुसतं बटन दाबत बसता."

मी वर बघितलं. बारीक अक्षरात चांगल्या दहा ओळी होत्या. मुलगा त्या सगळ्या वाचत होता. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

मग मी त्याला सांगितलं, पेपरातसुद्धा वर लिहिलेलं असतं. आधी ते वाचायचं, मग छोटे शत्रू, बॉस सगळ्यात शेवटी. मार्चमध्ये निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, विज्ञानात काठावर. वर्षा पेढे घेऊन आली, पण चेहरा उतरलेलाच. गुरुजी म्हणाले होते, "पास होणं वेगळं आणि वाचणं वेगळं." नाशिकचं तिकीट पुढच्या शुक्रवारचं होतं. मला त्यांचा इतका राग आला की पेढा गोड लागला नाही.

*

पाडवा झाला आणि मंगळवारी माझी नणंद आणि तिचे यजमान नाशिकहून आले. त्यांना गंगापूजन करायचं होतं. मी त्यांना घेऊन सकाळी घाटावर गेले. गुरुजींनी चिन्मयलाही आणलं होतं. जायच्या आधी चार दिवस मुलगा जवळ असावा, असं त्यांनाही वाटत असणार. तोंडाने म्हणाले नाहीत.

संकल्प सुरू झाला. संकल्पात चालू संवत्सराचं नाव घ्यावं लागतं, आणि ते पाडव्याला बदलतं. वर्षभर रोज दहा-वीसदा एकच नाव घेतलेलं, जिभेला सवय झालेली. डोळे मिटून गुरुजी म्हणून गेले, "क्रोधीनाम संवत्सरे..."

"विश्वावसु, बाबा."

गुरुजींनी डोळे उघडले. चिन्मय हातात पळी धरून बसला होता. "परवा बदललं ना. आणि आज चतुर्थी आहे, पुढे तृतीया म्हणू नका. ती काल होती."

मी मान खाली घातली. यात्रेकरूंसमोर मुलाने बापाला दुरुस्त करावं, हे घाटावर मी कधी पाहिलं नव्हतं. गुरुजींनी हातातलं पाणी सोडून दिलं, नव्याने आचमन केलं आणि संकल्प पहिल्यापासून म्हटला.

सगळं झाल्यावर माझ्या नणंदेच्या यजमानांनी कौतुकाने विचारलं, "गुरुजी, कुठल्या पाठशाळेत आहे हो मुलगा?"

गुरुजी पूजेची भांडी आवरत होते. वर न बघता म्हणाले, "घरीच असतो. घरीच राहणार आहे."

मला तिथेच रडू फुटलं असतं. पायऱ्या चढताना मी चिन्मयला मागे ओढलं. "अरे, नवीन पंचांग तू वाचलंस कधी?"

"रोजच वाचतो, काकू. राहुकाळात मॅच लावायची नाही, हे आमच्या टीमचं पक्कं आहे. रोज बघून सगळ्यांना सांगायचं काम माझ्याकडे." त्याने वर जाणाऱ्या वडिलांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आज मंगळवार आहे. तीन ते साडेचार सोडून तुमचा फोन कधीही चालेल."