भुताच्या गेमवर आक्काचा फोटो

शिरूरला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, लग्न, दहावा, निवडणूक, कुणाचा पोरगा फौजदार झाला, काय म्हणाल त्याचा फ्लेक्स करून देतो. या धंद्यात एकच गोष्ट पाळायची असते: कुणाला वगळायचं नाही. वर पुढारी, मधे ज्याचा सत्कार तो, खाली सगळे शुभेच्छुक. त्यात एखाद्याचं तोंड चुलतभावापेक्षा बारीक झालं, तर तो गाडी दुकानापुढं आडवी लावून भांडतो. एकानं मला विचारलं होतं, "मी काय त्याचा ड्रायव्हर हाय का?" मीही गप्प बसणारा नाही. म्हणालो, "थोबाड मोठं पायजे तर फोटो तरी धड आन की! घोळक्यातनं कापून काढलंय तुला." पण फ्लेक्स नवीन छापून दिला. द्यावाच लागतो.

माझी भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची, आक्काची मुलगी, शिक्रापूरला खोली घेऊन राहते. कारखान्यात क्वालिटीला आहे. सकाळपाळी करून यायचं, डबा खायचा आणि लॅपटॉप उघडून भुताटकीचा गेम बनवायचा, हे तिचं दोन वर्षं चाललं होतं. चित्रं, आवाज, सगळं एकटीनं. गेम होत आला तेव्हा ती दुकानात आली. म्हणाली, "मामा, कव्हर तेवढं तुम्ही करून द्या. मला जमंना."

गेमची ऑनलाइन दुकानं असतात म्हणे. तिथं शेकडो गेमची कव्हरं शेजारी शेजारी लावलेली, प्रत्येक काडेपेटीएवढं. माणूस बोटानं सरकवत जातो. एखाद्या कव्हरवर थांबला तर थांबला, नाहीतर आतला गेम कितीही चांगला असो, त्याला तो कळतच नाही. "ह्यावर कुनी थांबलं न्हाई ना मामा," ती म्हणाली, "तर मी सोडून देनार हे सगळं. थकले मी आता." एवढीशी असल्यापासून पाहतोय मी तिला, हट्ट म्हणून कधी कशाचा केला नाही पोरीनं.

गेम मी खेळलो नव्हतो. आमच्याकडं शेताची लाइट बऱ्याचदा रात्रीच येते आणि मोटार चालू करायला अंधारात विहिरीवर जावं लागतं. उसात बिबट्या असतो. गेममधली बाई तशीच हातात बॅटरी घेऊन उसातनं निघते, एवढं ऐकलं आणि पुढचं मला ठाऊकच आहे असं धरून चाललो. कव्हर केलं ते असं, की बघणाऱ्याची बोबडीच वळावी! लाल डोळ्यांचा बिबट्या, पेटलेला ऊस, विहिरीतनं वर आलेला हात, कवटीसारखा चंद्र, बाई, बॅटरी आणि रक्त गळणारी अक्षरं. कुणाला वगळलं नाही.

भाचीनं ते मोबाइलवर इतर कव्हरांच्या मधे ठेवून माझ्यापुढं धरलं. "शोधा," म्हणाली.

मी शोधत बसलो. स्वतःचं काम मला स्वतःला सापडेना! एक तांबडा डाग तेवढा दिसत होता, आणि तसे डाग शेजारीही होतेच. "लोकांचे डोळे तपासून घ्या म्हनावं आधी," असं मी तिच्यावरच खेकसलो. मग चहा मागवला.

चहा पिताना तिनं मला खरा गेम सांगितला. त्यात खेळणारा म्हणजे ती बाई नव्हे. खेळणारा म्हणजे तिची लहान मुलगी, घरात एकटी. बाप ट्रकवर, कायम बाहेरगावी. मुलगी खिडकीतनं उसातली बॅटरी बघत राहते. बॅटरी हलतेय तोवर आई आहे. मधेच बॅटरी थांबते. बिबट्या गेमभर कुठंच दिसत नाही. "मामा, ती मीच हाय," भाची म्हणाली. "आन् बॅटरी आईची." आमचे दाजी खरोखरच ट्रकवर असायचे. आक्का मोटारीला जायची हेही मला माहीत होतं. पण खिडकीत कुणी उभं असायचं, हे माझ्या गावीही नव्हतं.

मग कव्हरवर फक्त आक्का ठेवायची ठरली. तिचा एका लग्नातला फोटो माझ्याकडं होता. मागचं सगळं काळं केलं, चेहरा मधोमध घेतला, खाली नाव टाकायला जागा सोडली आणि हात एकदम मागं घेतला. एकट्याच माणसाचा चेहरा मधे, भोवती मोकळी जागा, खाली नाव. आमच्या धंद्यात असा फ्लेक्स एकाच कामाला होतो: भावपूर्ण श्रद्धांजली. असे किती केले असतील मी! दोन्ही बाजूंना समया लावायला बोटं आपोआप निघाली होती.

"हे मी करनार न्हाई," मी ओरडलोच. "जित्या मानसाचा असा फोटो लावत असत्यात का?"

"पण मामा, त्याचीच तर भीती वाटती ना खिडकीतल्या पोरीला."

"वाटू दे! माझी बहीन हाय ती."

भाची तशीच उठून गेली. मी इंटरनेटवरनं दुसऱ्याच एका बाईचा फोटो काढून बॅटरीसकट पाठवला. इस्त्रीची साडी, दात पांढरेशुभ्र. तिचं एवढंच उत्तर आलं, "ही कोण?" खरं होतं तिचं. ती बाई उसात न जाता बारशाला निघाली होती.

शेवटी मी आक्काच्या गावी गेलो. ती घाबरेल, लेकीला दटावेल आणि विषय मिटेल, अशी माझी अटकळ. आक्का अंगणात कांदे निवडत बसली होती. मी रागारागात, उसातली बाई तूच आणि फोटो श्रद्धांजलीसारखा, एवढं सांगून मोबाइलवरचं ते काळं कव्हर पुढं केलं. तिनं हात पुसले आणि मोबाइल लांब धरून बघितलं.

"ह्यात बिबट्या कुठाय?"

"दाखवायचा न्हाई म्हनती तुझी लेक."

"बराबर हाय. मला तरी कवा दिसला? उसाचं वाळल्यालं पाचट वाजायचं नुस्तं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आन् एकटीलाच मधी लावलं म्हनून तुला राग आलाय व्हय? आरं लेका, मी मेल्यावर लावशील तवा मला दिसनार हाय का? आत्ताच बघू दे की जरा!"

भांडायला आलो होतो, पण हसू आवरेना.

"पर ह्यो फोटू नको," आक्का म्हणाली. "मोटार चालू कराया मी काय नथ घालून जात व्हते?"

ती आत गेली. साडीवर दाजींचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, हातात काठी आणि बॅटरी, अशी बाहेर आली. गोठ्यात दिवसाही अंधार असतो, तिथं तिला उभी केली. पण ती आधार कार्डाला उभी राहिल्यासारखी ताठ. "जरा भ्याल्यावानी कर की," म्हणालो, तर हसत सुटली. हसता हसताच म्हणाली, "पर पोरीला ह्यातलं कसं ठावं? ती तर झोपल्याली असायची. ती झोपल्याबिगर मी घराबाहेर पाय टाकत नव्हते. भायेरनं कडी घालायचे."

मी कॅमेऱ्यात बघत सहज बोलून गेलो. "झोपल्याली कुठली? खिडकीतनं तुझी बॅटरी बघत बसायची. त्याचाच तर गेम हाय."

आक्काचं हसणं गेलं. पेटलेली बॅटरी हातात तशीच धरून तिनं घराच्या खिडकीकडं मान वळवली. माझ्याकडनं बटण दाबलं गेलं, फोटो निघाला.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज म्हनती."

ती गव्हाणीच्या कडेला बसली. मीही शेजारी बसलो. तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्या फोटोचं कव्हर झालं. सगळं काळं, दोन्ही कडांना उसाची चार पाती, मधे मागं वळून बघणारी आक्का आणि खाली जाड अक्षरांत नाव. काडेपेटीएवढं केलं तरी पहिली नजर तिच्यावरच जायची. समया लावल्या नाहीत.

काही दिवसांनी भाचीचा फोन आला. "मामा, लोक थांबत्यात!" परदेशातले लोक विचारत होते, ही बाई कोण, तिनं काय बघितलं? वरवंड-यवतकडच्या, आमच्याच भागातल्या पोरांनी लिहिलं होतं, आमची आई अशीच जायची. मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवल्या. "मग? सोडून देनार होतीस ना?" म्हणालो. "कशाला सोडती!" म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण मामा, आईच्या तोंडावर हे आलं कसं? तुम्ही काय सांगितलं होतं तिला?"

मी सांगून टाकलं.

"तिला कळू द्यायचं नव्हतं मला," भाची म्हणाली. "मी झोपते असंच वाटत होतं तिला, ते बरं होतं."

सुट्टी मिळाली तशी ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मीही पोहोचलो. आक्का उंबऱ्यातच बसली होती. मी हाक मारणार तोच तिनं तोंडावर बोट ठेवलं.

"झोपलीय," ती हळूच म्हणाली. "खरंच झोपलीय. दोनदा जवळ जाऊन बघितलं मी."