एक पेर हराळी

बेल्गासेमसमोर कुणी हराळीला नुसतं 'गवत' म्हटलं की त्याचं टाळकं सरकायचं. "गवत बकरी खाते आणि संपतं. ही अवदसा माणसाला खाते!"

सात वर्षं तो तिच्याशी भांडत होता. वाळवंटातल्या तोझर गावी, खजुरीच्या बागांमधला जमीनमालक तिजानीचा एक पडीक तुकडा त्याने जुन्या रिवाजाने घेतला होता. जमीन मालकाची, राबणं याचं. हराळी समूळ काढायची, खजूर लावायचा आणि पहिले घड धरले की अर्धा तुकडा राबणाऱ्याचा. समूळ म्हणजे समूळ. एक मुळी सापडली तरी करार मोडला.

नांगर घातला तर हराळीचे तुकडे होतात आणि पेरापेराला फुटून एकीच्या शंभर उगवतात. म्हणून गुडघ्यांवर बसून, हातभर खोल, आख्खी जमीन त्याने बोटांनी चाळली. मुळ्या वाळवून जाळल्या. बायको हफ्सिया म्हणायची, "माझ्या केसांतून कधी इतक्या मायेनं हात नाही फिरवलात!"

यंदा घड धरले. आणि नेमकं आत्ताच या तिजानीने काय करावं? नव्या घरासमोर हिरवळ केली! लांबून ट्रकने लाल माती आणली, तीच हराळी लावली, रोज पाणी पाजलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवली. जिने एका माणसाची नखं खाल्ली ती दुसऱ्याच्या दारात मिरवतेय! सांगतानासुद्धा डोकं फिरतं.

पाहणीला म्हातारा लखदर आला. बागांना पाण्याच्या पाळ्या तोच लावून द्यायचा, त्याचा शब्द सगळे मानायचे. दोन ठिकाणी खणलं, काही निघालं नाही.

"काका, जरा त्या अंजिराखाली बघा की," तिजानी म्हणाला.

तिथे कुदळ पडताच पांढरी, चार पेरांची लांबलचक मुळी वर आली.

"अरेरे! सात वर्षं फुकट गेली रे तुझी," तिजानी हळहळला.

बेल्गासेमने झडप घालून मुळी हिसकली. ती तुटली. हातातला तुकडा त्याने लखदरच्या तळव्यावर झटकला. भोवतीची जमीन मिठाने पांढरीफटक, आणि तळव्यावर पडली ती माती लाल!

"मालक, लाज कशी वाटली नाही? माझी सात वर्षं गिळायला निघालात, निदान मुळी धुऊन तरी आणायची!"

लखदरने माती बोटांत चुरडली. तिजानीच्या घराकडे एकदा पाहिलं.

"दोरी आण, तिजानी. अर्धी जमीन त्याला मोजून दे. आत्ता, माझ्यासमोर."

तिजानी दोरी आणायला वळला. शेजारी ओरडत बेल्गासेमला मिठी मारायला धावले. पण तो उभा होताच कुठे? गुडघ्यांवर बसून अंजिराखालची माती चाळत होता.

"सरका! पाय काढा सगळ्यांनी!" संतापाने त्याचा आवाज चिरकला. "चार पेरं होती. तीनच सापडलीत."