कुडातलं भोक

२०१४ साली तलासरीजवळच्या एका टेकडीवर मी सात घरांची मापं घ्यायला गेले, तेव्हा मी नुकतीच आर्किटेक्ट झाले होते आणि मला सगळं कळत होतं. वडील डहाणूला रेल्वेत नोकरीला. क्वार्टर्समध्ये वाढले मी, शेजारी काय शिजतंय ते वासावरून ओळखणाऱ्या माणसांत. मुंबईत शिकून परतले ती डोक्यात एकच खूळ घेऊन: माणसांना एकत्र आणणारी घरं बांधायची. एका संस्थेनं त्या पाड्याला पक्की घरं द्यायचं ठरवलं, काम माझ्याकडे आलं आणि मी हुरळून गेले.

जुनी घरं कुडाची होती. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपायच्या, झाली भिंत. अशा एकाच कुडाच्या अलीकडे-पलीकडे दोन जावा राहत. दोघींचे नवरे गेलेले. थोरली बांबूच्या टोपल्या विणायची, धाकटी चिंचणीहून सुकी मासळी आणून विकायची. त्यांच्या मधल्या कुडात, चुलीजवळ, बसल्यावर खांद्याला लागेल एवढ्या उंचीवर एक भोक होतं. मनगट जाईल एवढं. मी वहीत लिहिलं: ‘भिंतीस भोक, दुरुस्ती आवश्यक.’

त्या भोकाच्या कडा शेणानं नीट सारवलेल्या होत्या, गोल, गुळगुळीत. ते मी पाहिलं होतं. पडझड झालेल्या भोकाला कोणी असं सारवत नाही, एवढं मात्र माझ्या शिकलेल्या डोक्यात शिरलं नाही.

नकाशा मी जीव ओतून काढला. टेकडी सपाट करायची नाही, उतारावर पायरी-पायरीनं घरं बसवायची. खाली रस्त्याच्या अंगाला गाळे: पिठाची गिरणी, किराणा, धाकटीला मासळीसाठी एक, थोरलीला टोपल्यांसाठी एक. वर राहायची घरं. आणि मधोमध, मोहाच्या झाडाखाली, लांबलचक ओटा. सगळ्या पायऱ्या त्या ओट्यावरूनच जातील अशा वळवल्या होत्या. घरातून निघालं की कोणाला ना कोणाला तोंड द्यावंच लागेल, हे मला फार हुशारीचं वाटत होतं. दोन्ही जावांना घरं शेजारीशेजारी दिली. मधे एकच भिंत, फक्त थोरलीची जमीन दोन पायऱ्या वर. भिंत मात्र नऊ इंची विटेची, दोन्हीकडून प्लास्टर.

पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन मी पाड्यावर गेले. सगळे जमले. धाकटी वाकून वाकून बघत होती.

“आणि भोक कुठं ठेवलं, बाय?” तिनं विचारलं.

मी तिला खिडकी दाखवली. केवढी मोठी, वारा कसा येईल, सगळं सांगितलं.

“ही तर बाहेर बघते.”

“मग? बोलायला ओटा आहे ना, मावशी! दोघी मजेत बसा ओट्यावर.”

कोणीतरी खुदकन हसलं. धाकटीनं पदर सारखा केला आणि मागे सरली. थोरली झाडाखाली सगळ्यांकडे पाठ करून टोपली विणत बसली होती. ती जवळ आलीच नाही. मला वाटलं, कामात आहे.

२०१६ मध्ये लोक राहायला गेले. गिरणी सुरू झाली, ओट्यावर पत्त्यांचे डाव पडू लागले. मी फोटो काढले आणि ज्यांना ज्यांना गाठता येईल त्यांना दाखवले. एका फोटोत थोरली ओट्याच्या एका टोकाला आहे, धाकटी दुसऱ्या टोकाला, आणि दोघी दोन दिशांना बघतायत. तो फोटो मला तेव्हा फार आवडायचा.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता थोरली गेली. मला कळलं ते शेजारच्या वेवजी गावच्या गवंड्याकडून. मापं घेताना तोच माझ्याबरोबर होता, आणि ती घरंही त्यानंच बांधली होती. तापानं अंथरुणाला खिळली होती ती. दार आतून ओढलेलं. खाली गिरणी घरघरतेय, ओट्यावर माणसं बसलीत, आणि सगळ्यांना वाटतंय, लेकीकडे गेली असेल. तिसऱ्या दिवशी धाकटीनं दार ढकललं. तलासरीच्या दवाखान्यात नेली, पण आठवडाही काढला नाही तिनं.

“भिंतीला भिंत असून धाकटीला तीन दिवस पत्ता नाही?” मी चिडून विचारलं.

गवंडी म्हणाला, “मॅडम, त्या दोघी बोलत नव्हत्या. एका लग्नातला मानपान, त्यावरून. कित्येक वर्षं झाली. एकमेकींच्या दारात पाय टाकायचा नाही, समोर आल्या की तोंड फिरवायचं.”

“म्हणजे अबोलाच होता ना?”

“समोरासमोर. त्या भोकातून सगळं चालायचं. मीठ, विस्तव, दुखलं-खुपलं, शिव्यासुद्धा. तोंड दिसत नाही ना, मग ते बोलणं धरायचं नाही, असं त्यांचं होतं. ही इकडे खोकली की ती तिकडून विचारायची.”

“मला का नाही सांगितलंत?”

“अख्ख्या पाड्याला माहीत होतं. तुम्ही वहीत दुरुस्ती लिहिलंत, आम्हाला वाटलं, तुम्हाला ते नकोच असेल.”

त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला तोंड कुठे होतं? समोरासमोर येण्याच्या शंभर जागा मी काढल्या होत्या, आणि या दोघींना हवी होती समोर न येता बोलायची एकच. ती त्यांच्याकडे होती. मी बुजवली.

त्यानंतर वर्षभर मी तिकडे फिरकले नाही. कामं होती म्हणून, असं मी घरी सांगायचे. खरं तर मला धाकटीला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

मग २०१८ च्या अखेरीस डहाणू-तलासरीकडची जमीन हादरायला लागली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. लोक घराबाहेर ताडपत्र्या बांधून राहू लागले. नव्या वर्षात संस्थेनं मला भिंतींच्या भेगा तपासायला पाठवलं, तर ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला. चुली, अंथरुणं, पोरं, कोंबड्या. माझ्या ओट्यावर अख्खा पाडा एकत्र आला होता, माझ्या घरांना घाबरून.

धाकटी मात्र तिथे नव्हती. “दिवसा आतच बसते, सांगून ऐकत नाही,” बायका म्हणाल्या.

मी वही घेऊन गेले. ती मधल्या भिंतीला खांदा लावून सुकट निवडत बसली होती. तिच्या डोक्यावरून एक भेग तिरकी उतरली होती, आणि खांद्याजवळ वीट निखळून पार पलीकडचं दिसत होतं. थोरलीची रिकामी खोली.

“मावशी, बाहेर चला. भिंत धोक्याची आहे. माणूस पाठवते, बुजवून घेऊ.”

“हात लावायचा नाय.”

मी वाकून पाहिलं. निखळलेल्या विटेच्या कडा शेणानं सारवल्या होत्या. गोल, गुळगुळीत.

“पलीकडे कोणी राहत नाही, मावशी,” मी कशीबशी म्हणाले.

“माहीत हाय मला.” तिनं सुकटीतला खडा काढून बाजूला टाकला. माझ्याकडे न बघता, त्या भोकाकडे तोंड करून ती बोलली, “आधी ठेवलं असतंस ना, बाय.”