घरघंटीच्या पोटातलं बिट

मल्टी-टूल धुऊन उन्हात वाळवायचं नसतं, हे त्याच्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी चष्मा लावून सगळं वाचलं होतं.

मुलांनो, काही वर्षांपूर्वीच्या श्रावणात कानबाई देवी आपल्याकडे बसणार होती. म्हणजे आपल्या लोणखेड्यातली सगळे भाऊबंद आपल्या घरी, आणि रोटाचं, म्हणजे तिच्या नैवेद्याचं, दळण थोरली सून म्हणून माझ्याकडे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ-मूठ गहू घ्यायचे, ते धुवायचे, वाळवायचे आणि त्याच पिठाचा स्वयंपाक करायचा. विकतचं पीठ चालत नाही. ज्या चक्कीत दळायचं, तिच्यात आधीच्या बाजरीचा कणसुद्धा राहता कामा नये. म्हणून आपली घरघंटी उघडून साफ करायची होती, आणि ती उघडायला घरात धड स्क्रूड्रायव्हर नव्हता.

आम्ही दोघं शहाद्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन मल्टी-टूल काउंटरवर ठेवली. एकात चपटा आणि फुलीचा असे दोन्ही स्क्रूड्रायव्हर दांड्यातच पक्के बसवलेले. दुसऱ्यात बिटं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची सुटी टोकं, बदलायची सोय, आणि ती ठेवायला खाचा असलेली सुंदर डबी.

"हे पक्कं घेऊ," तुमचे आजोबा म्हणाले. "काही हरवायची भीती नाही."

"हरवेल कसं? प्रत्येक बिटाला स्वतःची जागा आहे!"

"जागा असते गं. बिट त्या जागेवर नसतं."

"ज्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, त्यांनी हे बोलू नये!"

दुकानदाराने हसू दाबत डबीवालं माझ्या हातात दिलं. (जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलेल्या बाईशी वाद घालायचा नसतो, हे शहाद्यात सगळ्यांना माहीत आहे. बरेचसे माझेच विद्यार्थी!)

घरी आल्यावर मी फुलीचं बिट लावून घरघंटी उघडली, लखलखीत पुसली आणि बंद केली. मागे माझी धाकटी जाऊ मंगला कमरेवर हात ठेवून उभी.

"अक्का, त्या आवजारले बाजरीनं पीठ लागेल शे. ते बी धवा बरं!"

"अगं, स्क्रूड्रायव्हरला कसलं सोवळं?"

"कानबाईनं काम शे. मी काय सांगू?"

माझी व्यवस्थितपणाची हौस तुम्हाला ठाऊक आहेच. मी सगळी बिटं साबणाने घासली, विसळली, आणि गच्चीवर पांढऱ्या धोतरावर रोटाचे गहू वाळत होते, त्याच धोतराच्या कडेला उंचीप्रमाणे रांगेत मांडली. (वेगळं फडकं का घेतलं नाही? कारण ते धोतर सोवळ्यातलं होतं आणि आता बिटंही सोवळ्यातली होती! माझ्या तर्काला कुठेच फट नव्हती.)

दुसऱ्या दिवशी, रोटाच्या सकाळी, मंगलाने कडेची बिटं गोळा करून माझ्याकडे दिली आणि धोतराची टोकं उचलून गहू टोपलीत ओतले. मी बिटं डबीत बसवायला घेतली, तर एक खाच रिकामी!

"फुलीचं बिट तुम्हीच घेतलं असणार," मी आजोबांना म्हणाले.

"मी? मला तर तुझ्या डबीकडे बघायचीही बंदी आहे!"

माझा त्यांच्यावर संपूर्ण संशय असतानाच मी घरघंटीत गहू ओतले आणि बटण दाबलं. थोडा वेळ छान घरघर झाली. मग खाड! खाडखाडखाड! आणि शांतता.

"मन्ही माय वं! काय व्हयनं?" मंगला पोळपाट टाकून धावली.

काय झालं ते मला एका क्षणात कळलं. फुलीचं बिट गव्हातून चक्कीच्या पोटात गेलं होतं. चक्की उघडायला फुलीचं बिटच लागत होतं. आणि ते चक्कीत होतं.

"म्हणजे किल्ली आत आणि कुलूप बाहेर," आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा गंभीर होता, पण मिशी थरथरत होती. मग त्यांनी झब्ब्याच्या खिशातून एक वस्तू काढली. पक्क्या स्क्रूड्रायव्हरचं मल्टी-टूल!

"हे कधी घेतलंत?"

"तू दुकानात डबीचं कौतुक करत होतीस तेव्हा."

विजयी वीराच्या थाटात ते घरघंटीपुढे बसले. स्क्रू होता खोल भोकात, आणि हत्याराचा दांडा हा एवढा जाड! टोक स्क्रूपर्यंत पोचेचना. त्यांनी ते आडवं धरलं, उभं धरलं, शेवटी त्याला अहिराणीतून शिव्या दिल्या. स्क्रू ढिम्म.

एवढ्यात चुलत दीर भटूभाऊजी आले आणि हकीकत ऐकून मटकन खाटेवर बसले.

"वहिनी, मन्हा नावनी मूठ बी आत अडकनी का?"

"सगळ्यांचीच थोडी थोडी असेल, भाऊजी."

"थोडी थोडी कशी चाली? पुरी मूठ पाहिजे!"

गावातली गिरणी? तिथे सकाळपासून ज्वारी-बाजरी चालू होती. मेकॅनिक? रविवार. संध्याकाळी भाऊबंद जेवायला बसणार, आणि थोरल्या सुनेने कानबाईचा रोट स्क्रूड्रायव्हरपायी घालवला, हे पुढच्या सात पिढ्या ऐकणार!

भटूभाऊजींनी मग चार भाऊबंद बोलावले. त्यांनी घरघंटी चक्क उलटी धरली आणि गदागदा हलवली. "हाला! अजून हाला! मन्ही मूठ येऊ द्या!" गहू पडले, पीठ पडलं, खाली परात धरून बसलेले तुमचे आजोबा नखशिखांत पांढरे झाले. बिट तेवढं पडलं नाही.

"अक्का, ओसरीमा जातं शे," मंगला म्हणाली. "आते बसा!"

परातीत पडलेले गहू पुन्हा टोपलीत भरून मी बसले. जन्मात कधी जात्याला हात लावला नव्हता. खुंटा ओढला की जातं नव्हे, मीच फिरत होते. जमलेल्या बायका म्हणाल्या, ओवी म्हणा, ताल धरला की हात चालतो. ओवी मला एकही येत नव्हती. नाइलाजाने मी जे पाठ होतं ते सुरू केलं, "टू वन झा टू!" आणि काय सांगू, बायकांनी सुरात उचललं, "टू टू झा फोओओर, वं माय!" जातं सुरळीत फिरू लागलं. सातच्या पाढ्याला माझा खांदा गेला, पण पीठ पडत राहिलं. नऊ संपेपर्यंत टोपली रिकामी!

संध्याकाळी कानबाई थाटात बसली, पंगत वेळेवर बसली. भटूभाऊजींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले.

"यंदाना रोट भलता गोड लागी ऱ्हायना! जात्यानं पीठ शे ना! आते दरसाल वहिनीनाच हातनं दयन!"

सगळ्या पंगतीने माना डोलावल्या. सर्वात जोरात कोणाची मान डोलली, ते सांगत नाही. त्यांच्या भुवया अजून पांढऱ्या होत्या.

तर मुलांनो, आपल्या घरी आता बिट बदलता येणारं एक यंत्र आहे, न बदलता येणारं एक आहे, आणि तिसरं यंत्र दरवर्षी रोट दळतं. त्याला कुठलंच बिट लागत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यांना बाम चोळावा लागतो!