तिसऱ्या भागीदाराची संमती

गल्लीत तिला कात्री म्हणतात. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचं काम तिचं, लग्नाआधीपासून. वडील गेल्यावर दोन भाऊ आणि ती, अशा तिघांनी मिळून त्याची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली. धंदा बुडाला तरी राहती घरं बुडू नयेत म्हणून. तिघं सारखे भागीदार. पण कोणी आलं की दादा ओळख करून देणार, "आमची बहीण. मदत करते." ही मदत करणारी बाई संध्याकाळी कंबर धरून उठायची.

एका सकाळी ती आली तर तिचं बेतायचं टेबल पॅसेजमध्ये, संडासाच्या दाराला खेटून. आत तिच्या खोलीत काचेचं नवं टेबल, आणि फिरत्या खुर्चीत दादाचा जावई एक गिरकी घेऊन बघत होता.

"या ना आत्या, बसा," तो म्हणाला. तिच्याच खोलीत!

"हे आता आपले चौथे भागीदार," दादाने सांगितलं. "आमचं दोघांचं ठरलंय."

"आणि माझं?"

"तुला सांगतोय की आता."

धाकटा भाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून उभा.

ती तशीच उलट पावली सीएबाईंकडे गेली. त्यांनी भागीदारीचा करार चाळला. "नवा भागीदार कसा घ्यायचा, याबद्दल यात अक्षर नाही. मग कायद्याचा नियम लागतो. सगळ्या भागीदारांची संमती हवी."

"मी नाही म्हटलं तर मलाच काढतील."

"बहुमताने काढायचा अधिकार करारात दिलेला नाही. नाही काढता येणार. पण रोजच्या कारभारात दोघांचं चालतं हं, ते विसरू नका."

ती परत आली. "माझी संमती नाही."

"घरच्या माणसांत कायदा आणतेस?" दादा कडाडला.

"घरं वाचवायला आणलात तेव्हा गोड लागला ना?"

"अगं, मी लेकीला शब्द दिलाय!"

"स्वतःचा द्यायचास. माझाही देऊन टाकलास?"

दादा लाल झाला, पण हटला नाही. "ठीक. भागीदार नाही, मॅनेजर म्हणून ठेवतो. पगारावर. हा रोजचा कारभार. दोन विरुद्ध एक."

हे जास्त झोंबलं. आयुष्यभर कापड बेतलं तिने, आणि तिच्या जागेचा हिशेब दोन मतांत संपला. तिने पदर खोचला. "ठेव. पण संडासापाशी मी कापड बेतणार नाही. टेबल आत येईल."

"नाही येणार. इथेही दोन विरुद्ध एक."

तेवढ्यात धाकट्याने मोबाइल खिशात टाकला. "एक मिनिट, दादा. सकाळपासून एक पडदा बेतला गेलेला नाही. गिऱ्हाइकांच्या शिव्या तू खात नाहीस, मी खातोय. टेबलापुरतं माझं मत ताईकडे."

"अरे, पण..."

"धर गं ताई, तू ते टोक."

दोघांनी टेबल आत आणलं. काचेचं बाहेर गेलं. जावई फिरती खुर्ची पोटाशी धरून मध्येच उभा. "आत्या, मग मी कुठे बसू?"

"पगारी माणसाने बसायचं कशाला?" तिने पडद्याच्या कापडाचा तागा त्याच्यापुढे उलगडला. "हे टोक धरा. आणि ताणून धरा, झोळ पडता कामा नये."

दादा दारातच होता. जावयाने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि खुर्ची खाली ठेवली.