आत वळवलेले दिवे

त्यांना सगळे अर्थिंगकाका म्हणायचे. गाडी कुठलीही असो, दुखणं कसलंही असो, हॉर्न बसलेला असो की वायपर अडकलेला, बॉनेट उघडायच्या आधीच काका म्हणायचे, "आधी अर्थिंग बघा." बॅटरीतून निघालेली वीज गाडीच्या लोखंडातून परत बॅटरीकडे जायला हवी, आणि वाटेत गंज आला की ती अडते, एवढं साधं ते शास्त्र. आणि वैताग असा, की दहातल्या आठ वेळा त्यांचं खरं निघायचं. शेजारच्या पंक्चरवाल्याचा गुडघा धरला की तो मुद्दाम त्यांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये लंगडत यायचा आणि म्हणायचा, "काका, एवढं अर्थिंग बघता का?" काका हसायचे. वरून चिडल्याचं दाखवायचे, आतून सुखावायचे. एखाद्या गोष्टीत माणूस इतक्या वेळा बरोबर ठरला, की तो दुसऱ्याचं ऐकणं हळूहळू सोडून देतो. काकांचं तसंच झालं होतं, आणि ते त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

लष्कराच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी बावीस वर्षं काढली होती. बायको जाऊन आठ वर्षं झाली. एकच मुलगी, ती दिली दगडखाणीवरच्या ड्रायव्हरला. जावई अबोल, कामाला वाघ. खाणीवरची जीप तो चालवायचा. जीप म्हणजे लष्कराने केव्हाच मोडीत काढलेली, कोणीतरी लिलावात उचललेली, रंगावर रंग चढवलेली म्हातारी. पण काकांचा तिच्यावर जीव. तिच्या पुढच्या दिव्यांना बिजागरी होती. एक चिमटीतला नट सैल केला की अख्खा दिवा उलटा फिरायचा आणि थेट इंजिनवर उजेड पाडायचा. लढाईच्या धामधुमीत रस्त्यात गाडी बंद पडली तर शिपायाने बॅटरी कुठे शोधत बसायची, म्हणून केलेली ती सोय. काका भेटेल त्याला ती फिरवून दाखवायचे.

एका सोमवारी जावई जीप घेऊन शेडमध्ये आला.

"मामा, दिवे मिचकतात. खड्ड्यातून गेलं की जास्त."

"अर्थिंग," काका म्हणाले.

"एका जागी उभी असली की काही होत नाही पण. हादरा बसला की मगच."

"अहो जावईबापू, तुम्ही स्टिअरिंग सांभाळा, वायर मला सांभाळू द्या."

जावई बाजूला झाला. सासऱ्याशी वाद घालणाऱ्यांतला तो नव्हताच.

काकांनी बॉनेट उघडलं, दोन्ही दिवे आत वळवले आणि त्यांच्याच उजेडात काम सुरू केलं. पुढच्या जाळीपासून चॅसीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून पार भुसभुशीत झाली होती. काकांना कोण आनंद! त्यांनी ती काढली, लोखंड चकचकीत होईपर्यंत खरवडलं, नवी पट्टी आवळली. दिवे लख्ख झाले. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, दिव्यांनी पापणी लवू दिली नाही. मग बटण बंद केलं, दिवे पुन्हा रस्त्याकडे फिरवले, नट आवळले, बॉनेटवर थाप मारली आणि गाडी दिली.

गुरुवारी दिवेलागणीला जीप खाणीवरून उतरताना वळणावर सरळ गेली आणि चाळीस फूट खाली कोरड्या ओढ्यात कोसळली. आत जावई एकटाच होता. माणसं खाली पोचेपर्यंत तो गेलेला होता.

खडी फोडणाऱ्या क्रशरवरच्या दोघांनी गाडी वळणाकडे येताना पाहिली होती. गाडीला उजेड नव्हता, असं दोघंही शपथेवर सांगत होते. झालं. ड्रायव्हरने दिवे लावलेच नाहीत, आळशीपणा नडला, असं खाणीवर बोललं जाऊ लागलं. पुढे त्याला तिखटमीठ लागलं. शुद्धीत तरी होता का, इथपर्यंत मजल गेली. ज्या माणसाने आयुष्यात सुपारीच्या खांडाला दात लावला नाही, त्याच्याबद्दल हे!

मुलगी वडिलांकडे येऊन राहिली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. पण हे कानावर आलं त्या दिवशी तिने डोळे पुसले.

"बाबा, ते दिवे न लावता गाडी हलवायचे नाहीत. तुम्हाला माहितीये."

"माहितीये, बाळा."

"मग तुम्ही बघा ना. त्या गाडीतलं तुमच्याइतकं कोणाला कळतं? माझा माणूस गेला तो गेला. त्याच्या नावाला लागलेलं तरी पुसा."

काकांनी खाणीच्या मुकादमाला निरोप धाडला. त्यालाही वरच्यांना चौकशीचा कागद द्यायचा होता, आणि इतकी जुनी गाडी उघडून बघणारा दुसरा कोणी पंचक्रोशीत नव्हता. क्रेनने वर काढलेली जीप ट्रकवर लादून त्याने शेडमध्ये आणून टाकली आणि पाटी-कागद घेऊन स्टुलावर बसला. मुलगी दाराशी उभी राहिली. काकांनी तिला बस म्हटलं, ती बसली नाही.

जीप डाव्या कुशीवर पडली होती. डावा दिवा चेचून गेला होता, उजवा शाबूत होता. काका आधी आत वाकले. दिव्याच्या बटणाची दांडी ओढली की दिवे लागत. ती दांडी पूर्ण बाहेर ओढलेली होती आणि त्याच जागी वाकली होती. जावयाचा गुडघा त्यावर आदळला असणार. आता ती ना आत जात होती, ना बाहेर येत होती.

"मुकादम, इकडे या. ही दांडी बघा. दिवे चालू केलेले होते. मेलेला माणूस उठून दांडी ओढत नाही."

मुकादमाने वाकून बघितलं, बोटाने ढकलून बघितलं, आणि मान डोलावली. मुलीने तोंडाला पदर लावला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"पण मग उजेड का नव्हता, काका?" मुकादम म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, रास्तच विचारत होता.

काकांनी चेचलेल्या दिव्याची वायर सोडवून बाजूला केली. सवयीने उजवा दिवा आत वळवला आणि नवी बॅटरी जोडली. दिवा लागला, स्वच्छ, स्थिर. आपण खरवडलेलं अर्थिंग पाहिलं, तेही जागच्या जागी, घट्ट. काकांना समजेना. मग, का कोण जाणे, त्यांनी तो जळता दिवा हळूहळू रस्त्याच्या बाजूला फिरवला. फिरवताना बिजागरीतून जाणारी वायर ताणली गेली आणि तिचं कवच कडेशी उकललेलं त्यांना दिसलं. आत तांबं चमकत होतं. काकांचा हात थांबला.

त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. त्यांनी मडगार्डवर मूठ आपटली. उघडं तांबं बिजागरीला टेकलं, जास्त वीज वाहिली की ती तोडणाऱ्या, डॅशबोर्डखालच्या कटआउटने टक् आवाज केला आणि दिवा गेला. दोन दिवे असते तर दोन्ही गेले असते, दोन्हींचा कटआउट एकच. जरा वेळाने कटआउट निवला, पुन्हा टक् झालं, दिवा आला.

पहिल्यापासून दोष तिथे होता. अर्थिंग गंजलेलं होतं तोवर विजेला नीट वाट मिळत नव्हती, म्हणून तांबं टेकलं तरी दिवे नुसते मिचकायचे. काकांनी ती वाट मोकळी करून दिली आणि मिचकणारे दिवे एका हादऱ्यात ठार विझू लागले. दिवे रस्त्याकडे फिरवल्यावर त्यांनी एकदा, फक्त एकदा, बटण ओढून गाडी हलवून बघितली असती तर पुरे होतं. शिकाऊ पोरगाही ते करतो. काकांनी केलं नाही, कारण त्यांचं बरोबर ठरलं होतं.

"सापडलं?" मुलीने विचारलं.

"सापडलं."

मुकादमाने कागद गुडघ्यावर घेतला. "जुनी वायर ना? लिहितो तसं. गाडीच म्हातारी, कोणाचा दोष धरणार? चला, बिचाऱ्यावरचा आळ तर गेला."

एवढंच होतं. आता काकांनी मान हलवायची होती. जावयाचं नाव धुऊन निघत होतं, मुलगी घरात राहणार होती, म्हातारपणी दोन शब्द बोलायला कोणी असणार होतं. खोटं तर काहीच नव्हतं त्यात, वायर जुनीच होती.

"लिहू नका तसं," ते म्हणाले. "अपघाताच्या आधीच्या सोमवारी गाडी माझ्या हातात होती. त्याने मला सांगितलं होतं, हादरा बसला की दिवे मिचकतात म्हणून. मी ऐकलं नाही. दिवे आत वळवून तपासले, बाहेर वळवून तपासले नाहीत. चूक माझी आहे, असं लिहा."

मुकादमाने पेन कागदावरून उचललं.

मुलगी पुढे आली. तिने वडिलांकडे पाहिलंच नाही. मडगार्डवर मूठ आपटली. दिवा गेला. तो परत येईपर्यंत ती थांबली आणि पुन्हा आपटली. चारदा तिने तसं केलं. हात लाल झाला तेव्हा मुकादमाने तिला "ताई, पुरे," म्हटलं.

"त्यांनी सांगितलं होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"हो."

"काय म्हणालात त्यांना?"

काकांनी सांगितलं. स्टिअरिंगचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

"हेही लिहा," ती मुकादमाला म्हणाली.

कागद पुरा झाला. काकांनी सही केली. साक्षीदार म्हणून मुलीने सही केली, त्यांच्या सहीच्या बरोबर खाली. मुकादम गेल्यावर ती आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली.

"मी सासूबाईंकडे जाते. हे त्यांना माझ्या तोंडून कळलं पाहिजे."

"मी येतो बरोबर. पाय धरतो त्यांचे."

"नको, बाबा." तिचा आवाज अजून बसलेलाच होता. "तुम्ही समोर रडायला लागलात, तर मी तुम्हालाच सावरायला धावेन. आणि आज सावरायचंय ते त्यांच्या आईला."

काकांनी पिशवी उचलून तिच्या हातात दिली आणि दारातून बाजूला झाले.