सत्तरचं दोनशे केलं तेव्हा

माझं दुकान शिरपूरच्या बसस्टँडसमोर आहे. मंदिराला आलेले यात्रेकरू उतरतात, मोबाइलचा चार्जर चालत नाही म्हणून माझ्याकडे येतात, आणि मी चार्जर दुरुस्त करत नाही असं त्यांना ठणकावून सांगतो. मग दुरुस्त करून देतो. खरा धंदा सोलर पंपाच्या कंट्रोलरचा. शेतातल्या सोलर प्लेटांची वीज मोटरीला चालेल अशी करून देणारा एक डबा असतो. तो बिघडला की पंप बंद. कंपनीचा माणूस येतो म्हणतो आणि येत नाही, म्हणून लोक तो डबा पोत्यात गुंडाळून एसटीनं माझ्याकडे आणतात.

या कामासाठी मी हातात मावेल असा ऑसिलोस्कोप घेतला. तारेतली वीज कशी हलते ते तो पडद्यावर रेघेनं दाखवतो. माझी बायको त्याला रेघोट्याचं मशीन म्हणते. माझं मशीन सत्तरचं होतं. म्हणजे सेकंदाला सात कोटी वेळा हलणारी वीज त्याला दिसायची, त्यापुढचं धूसर. आता सोलरच्या डब्यातली वीज सेकंदाला काही हजार वेळा हलते. सात कोटींत माझं काहीही अडलेलं नव्हतं. हे मी आज कबूल करतो, तेव्हा केलं नसतं.

कारण तेव्हा मला इंटरनेटवर कळलं होतं की हीच कंपनी एक दोनशेचं मशीन विकते, आणि त्याच्या पोटात अगदी माझ्या मशीनसारखंच बोर्ड आहे. तेच भाग, तेच स्क्रू. फरक फक्त आत लिहिलेल्या मॉडेलच्या नंबराचा. दोनशेवाल्यानं जास्त पैसे मोजले म्हणून त्याला सगळं दिसतं, आणि माझ्या मशीनला दिसत असूनही ते डोळे मिटून बसतं. माझं डोकं फिरलं. मी दोन दिवस भेटेल त्याला हे अन्याय म्हणून सांगत होतो. समोरचा चहावाला म्हणाला, "अच्छा, बरं." त्याच्या आवाजात दुःख नव्हतं.

बायको म्हणाली, "पन तुमाले त्यातून पाह्यचं काय हाये?"

"पाह्यचं नसलं तरी माह्यं हाये ते."

"मंग करा," ती म्हणाली, आणि पोळ्या लाटायला गेली. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं मला परवानगी देऊन जितकं छळलं तितकं भांडून छळलेलं नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी ते उघडलं. चार स्क्रू. चौथा गॅरंटीच्या स्टिकरखाली लपवलेला, तो स्टिकर फाडताना हात जरा थांबला. दसऱ्याला बायकोनं सगळ्या हत्यारांबरोबर मशीनलाही हळदकुंकू वाहिलं होतं, ते स्क्रूच्या खाचांत बसलं होतं, ते आधी टाचणीनं काढावं लागलं. मग बोर्डवरच्या तीन पिनांना तीन तारा जोडल्या, त्या लॅपटॉपला लावल्या, आणि परदेशातल्या कुणा भल्या माणसानं लिहून ठेवलेली ओळ अक्षर न् अक्षर टाइप केली. बटण दाबलं आणि वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाचीच मेलेली, तो चालत होता दुकानातल्या इन्व्हर्टरवर, आणि त्या इन्व्हर्टरवर माझा फारसा विश्वास नव्हता, कारण तो मीच दुरुस्त केलेला होता. पण टिकला. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि पडद्यावर मोठ्या मॉडेलचा नंबर आला. बाहेरच्या प्लास्टिकवर सत्तर, आत दोनशे. मी इतका खूश झालो की चहावाल्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "दोनशे काय?" मी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पंधरा-वीस दिवसांनी, दिवाळी सरल्यावर, बाई आली. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, आम्ही भावंडं तिला बाईच म्हणतो. तिला रिठदला दिली आहे. पोत्यात डबा होता आणि चेहरा उतरलेला होता.

बाईच्या घरी रब्बीत हरभरा पेरतात. भाऊजी म्हणतील ते, आणि आता दोन पोरं मोठी झालीत तर ते म्हणतील ते. या वर्षी बाईनं पहिल्यांदा हट्ट धरला. आमच्या जिल्ह्यात आजकाल खूप जण चिया पेरतात, तिनंही कुठं तरी पाहिलं होतं. दोन एकर चियाच पेरायचा, म्हणाली. पोरं हसली. शेवटी भाऊजी म्हणाले, पेर एकदाचा, पण नाही साधलं तर पुन्हा शेतातल्या गोष्टीत बोलायचं नाही. बाई हो म्हणाली. चाळीस वर्षांत त्या घरात तिनं पेरलेलं हे पहिलं पीक.

चियाचं बी राईहून बारीक. अगदी वरवर पेरावं लागतं, त्यामुळे उगवेपर्यंत वरची माती ओली राहायला हवी. तुषार सिंचनानं पहिलं पाणी दिलं, बी फुगलं, आणि तिसऱ्या दिवशी डबा बंद.

"परवापर्यंत पानी भेटलं पाह्यजे, भाऊ," बाई म्हणाली. "वरची माती सुकली तं आतलं बी मरते."

"सांजच्या बसनं घेऊन जा," मी म्हटलं. "आपल्याकडे आता दोनशेचं मशीन हाये."

हे वाक्य मी का बोललो, देव जाणे. वीज साठवणारे दोन कपॅसिटर फुगले होते. बदलले. तासाभरात डबा सुरू, टेबलावरची मोटर फिरायला लागली. बाईच्या चेहऱ्यावर रंग आला. महिन्याभरापूर्वीचा मी असतो तर झाकण लावून डबा तिच्या हातात दिला असता.

पण दोनशेचं मशीन असलेला माणूस तसं करत नाही. मी म्हटलं, जरा पाहू तरी. मोटरीला वीज सोडणाऱ्या भागाला मशीन लावलं. पूर्वी तिथं चौकोनी स्वच्छ रेघ दिसायची. आता प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यावर एक शिंग उभं होतं. उंच, टोकदार, थरथरणारं. मला घाम फुटला, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. दिसलं की नाही? सत्तरमध्ये दिसलं असतं का?

"बाई, यात आतून बिघाड हाये," मी म्हटलं. "आता चालन, पन आठ दिवसांत जळन."

"आठ दिवस चाललं तरी मले पुरते."

"असा डबा माह्या दुकानातून जानार नाई."

बायको दुकानामागच्या घरातून म्हणाली, "नेऊ द्या ना त्याहिले." मी तिच्यावर खेकसलो, की ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये. बाई उठली. माझ्यावर तिचा फार विश्वास. मी दहावीत पहिला आलो होतो ते ती अजून लोकांना सांगते. रिकामं पोतं घडी घालून तिनं काखेत मारलं आणि पाचच्या बसनं गेली.

मी त्या भागाची चिप बदलली. शिंगं तशीच. तिच्या आजूबाजूचे भाग बदलले. शिंगं तशीच. माझ्याकडच्या चिपा नकली असतील असं ठरवून नागपूरहून चांगली मागवली. बाईचा रोज फोन यायचा. पहिल्या दिवशी, झालं का. दुसऱ्या दिवशी, झालं का. तिसऱ्या दिवशी म्हणाली की शेजाऱ्याची मोटर मागितली होती, पण त्याचाही हरभरा तहानलेला आहे. चौथ्या दिवशी म्हणाली की मी इहिरीजवळच्या चार सऱ्या हंड्यानं भिजवून राह्यली. दोन एकर आणि हंडा. मी तिला म्हटलं, पार्ट निघाला हाये नागपूरहून. सहाव्या दिवशी तिचा फोन आला नाही, आणि मला ते बरं वाटलं. इतका मी त्या दिवसांत हलकट झालो होतो.

सातव्या दिवशी पार्सल आलं. नवी चिप लावली. शिंगं जशीच्या तशी. मी मशीन टेबलावर आपटायच्या बेतात होतो. रागारागात त्याची सुई, म्हणजे मोजायला टेकवायचं टोक, त्याच्याच अंगावरच्या तपासणीच्या खिळ्याला लावली. तिथं मशीन स्वतः स्वच्छ चौकोनी रेघ तयार करून देतं, सुई नीट आहे की नाही हे पाहण्यासाठी. त्या रेघेलाही शिंगं.

मी खाली बसलो. मग उठलो आणि स्क्रूंच्या डब्यात हात घातला. मशीन घेतलं तेव्हा सुईबरोबर पिशवीत एक इवलीशी स्प्रिंग आली होती, ती बिनकामाची म्हणून मी त्या डब्यात टाकली होती. सुईला वीतभर काळी तार असते, ती डब्यातल्या अर्थला जोडायची. ती लांब तारच झणझणते, आणि शिंगं तिची असतात. सत्तरच्या डोळ्यांना ती धूसर दिसायची म्हणून कधी कळलं नाही. दोनशेवाल्यांनी लांब तार काढून स्प्रिंग लावायची असते. मी स्प्रिंग लावली आणि बाईच्या डब्यावर सुई टेकवली. स्वच्छ चौकोन. पहिल्या दिवशी एका तासात मी जो डबा दुरुस्त केला होता, तो तेव्हाच ठणठणीत होता.

मग मेनूत आणखी एक गोष्ट सापडली. दोनशेचं झाल्यावर मशीनमध्ये एक नवं बटण आलं होतं. ते दाबलं की मशीन वीसपुरतंच, म्हणजे सेकंदाला दोन कोटींपर्यंतच पाहतं, वरचं सगळं गाळून टाकतं. दोनशेवाल्यांना नको ते फार दिसतं म्हणून कंपनीनंच त्यांना डोळे मिटायची सोय करून दिली होती. ज्या गोष्टीसाठी मी कंपनीला दोन दिवस शिव्या घातल्या, ती गोष्ट जास्त पैसे मोजणाऱ्याला खास मिळत होती.

डबा घेऊन मी स्वतः रिठदला गेलो. भाऊजींना सांगितलं, नागपूरहून पार्ट यायला उशीर झाला. ते म्हणाले, चालायचंच, आणि चहा मागवला. पंप सुरू केला, तुषार फिरायला लागले. दोन एकर काळी माती भिजत होती. विहिरीजवळच्या चार सऱ्यांत बारीक हिरवं उगवलं होतं, बाकी काही नाही, आणि पुढेही आलं नाही. बाई बांधावर उभी राहून पाणी पाहत होती. मोठा पोरगा म्हणाला, "आता काय, हरभराच टोबून टाकू." बाई काही बोलली नाही. बोलायचं नाही असंच ठरलं होतं.

यंदा दिवाळीनंतर तोच डबा पुन्हा बंद पडला आणि बाई तो घेऊन आली. आता त्या दोन एकरांत हरभरा आहे. टेबलासमोर बसली आणि म्हणाली, "भाऊ, ते लायनं मशीन हाये का अजून?"

"काहून?"

"मोठ्यानं नको पाहू. त्यानं येळ लागते. आमच्या घरी दम नाई कोनाले."

मी तिच्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता. म्हणाली, "मी सांगतलं सगळ्याहिले. चिया गेला तं गेला, पन माह्या भावानं डबा जळू देल्ला नाई. दुसऱ्यानं तसाच देल्ला असता."

मी बरं म्हटलं. लहान आणि मोठं मशीन एकच आहे हे तिला सांगितलं नाही. आणखी काहीच सांगितलं नाही. वीसचं बटण दाबलं, फुगलेला कपॅसिटर बदलला आणि अर्ध्या तासात झाकण लावलं.

जाताना तिनं पदराची गाठ सोडून कागदाची एक पुडी काढली. त्या चार सऱ्यांतलं चियाचं बी तिनं तेव्हापासून जपून ठेवलं होतं. "तुया वाटचं," ती म्हणाली. मी पुडी घेतली. बायको आतल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती, आणि मग पोळ्या लाटायला गेली.